बैतूलचं पाणी, वऱ्हाडचा वाटा

1803 च्या डिसेंबरात आजच्या अमरावती जिल्ह्यात दोन आठवड्यांच्या आत दोन तह झाले. त्याआधी 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला होता, आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला होता. 17 तारखेला गडाजवळच्या देवगावच्या छावणीत दुसऱ्या रघुजी भोसल्यांशी तह झाला आणि 30 तारखेला सुर्जी अंजनगावला दौलतराव शिंद्यांशी. देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडून दिला. वर्धा ही सरहद्द ठरली. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तो मुलूख निजामाच्या पदरात घातला.

तहात गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले भोसल्यांकडेच राहतील असं नावानिशी लिहिलं आहे. कटक गेलं, बालासोर गेलं, त्याचाही उल्लेख आहे. मात्र ज्या नदीला सरहद्द केलं तिचं पाणी कोणी किती वापरायचं, याबद्दल एक ओळही नाही. त्या काळात ती कुणाला सुचणंही कठीण होतं. राजांना नदी दोनच कामांसाठी दिसायची, हद्द आखायला आणि नावा चालवायला. पुढे 1815 मध्ये व्हिएन्नाला युरोपातले राजे जमले तेव्हा त्यांनी ऱ्हाईनसारख्या नद्यांवरच्या जलवाहतुकीचे नियम केले. शेताला लागणाऱ्या पाण्याचा विषय त्यांच्यापुढे नव्हताच. नदीचं पाणी ही वाटून घ्यायची वस्तू आहे, हा विचार कायद्यात यायला आणखी शंभर वर्षं लागली.

तोवर वर्धेवरची सरहद्द विरून गेली होती. 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला, 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, म्हणजे नदीच्या दोन्ही थड्यांवर एकच सत्ता आली. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. एके काळी दोन राज्यांना वेगळं करणारी वर्धा आज अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांमधून वाहते, आणि त्याच नदीवर मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचं धरण उभं आहे. अमरावती शहर त्यातून पाणी पितं.

सरहद्दी सरकतात, नदी जागची हलत नाही. म्हणूनच राष्ट्राराष्ट्रांमधल्या नद्यांचा कायदा दिल्ली-इस्लामाबाद-ढाक्याचा विषय आहे, अमरावती-अकोल्याच्या माणसाला त्याच्याशी काय करायचं, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. त्या कायद्यातला प्रत्येक मोठा प्रश्न वऱ्हाडात आज उभा आहे. फक्त राष्ट्रांच्या जागी इथे राज्यं आहेत, आणि कुठे कुठे तालुके.

नकाशा उघडून मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा पाहावा. तापी मुलताईला उगम पावते. वर्धा त्याच मुलताई तहसिलीत सातपुड्याच्या पठारावर निघते. पूर्णा निघते ती त्याच जिल्ह्यातल्या भैंसदेहीकडच्या डोंगरात. तापी पश्चिमेला जाऊन सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीत विरते. वर्धा दक्षिणेला वळते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. एका जिल्ह्यातल्या पावसाचे थेंब दोन समुद्रांत जातात, आणि मधल्या वाटेवर वऱ्हाड आहे.

याचा अर्थ वऱ्हाडच्या या मोठ्या नद्यांचं मूळ आपल्या राज्यात नाही. बैतूलमध्ये धरण झालं, बंधारे झाले, की पहिला परिणाम आपल्यावर. या नात्याने आपण खालचे. पण चांगदेवच्या पुढे हतनूर आहे आणि त्यापुढे गुजरातेतलं उकाई, आणि प्राणहितेच्या पुढे तेलंगणा. तिथल्या माणसाच्या दृष्टीने आपण वरचे. देश म्हणून भारताचीही स्थिती नेमकी हीच आहे. सिंधू नदी-समूहात पाकिस्तान आपल्या खाली, गंगेवर बांगलादेश आपल्या खाली. ब्रह्मपुत्रेवर मात्र चीन आपल्या वर, आणि जुलै 2025 मध्ये त्याने तिबेटात मेडोगला महाकाय जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं, तेव्हा भारतात जी काळजी उमटली ती खालच्या शेजाऱ्याची होती. जो एकाच वेळी खालचाही आहे आणि वरचाही, त्याला सोयीचा कायदा निवडता येत नाही. गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याबद्दल एक बोलायचं आणि मेडोगबद्दल दुसरं, हे फार काळ टिकत नाही. तेच बैतूल आणि तेलंगणाबाबत वऱ्हाडला लागू आहे.

वरच्याने काय म्हणावं याचा सगळ्यात उद्दाम नमुना 1895 चा आहे. रिओ ग्रांदे नदीचं पाणी वर अमेरिकेत उपसलं जात होतं आणि खाली मेक्सिकोच्या शेतकऱ्यांचे पाट कोरडे पडत होते. मेक्सिकोने तक्रार केली. अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी मत दिलं की आपल्या हद्दीतल्या पाण्याचं काय करायचं हा अमेरिकेचा सार्वभौम अधिकार, खालच्या देशाला त्यात बोलायचा हक्क नाही. हे मत आजही 'हार्मन सिद्धांत' म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. 1906 मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून दरवर्षी 60 हजार एकर-फूट पाणी द्यायचं कबूल केलं. आणि कॅन्सस आणि कोलोराडो या अमेरिकेच्याच दोन राज्यांचा आर्कान्सा नदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1907 मध्ये न्यायालयाने सांगितलं की दोन्ही राज्यांचा हक्क समान आहे आणि वाटणी न्याय्य व्हायला हवी. शेजारी देशासमोर जो सिद्धांत मांडला तो स्वतःच्या घरात बारा वर्षंही चालला नाही.

आपल्याकडे हीच शिकवण एका भारतीय न्यायाधीशाने दिली. 1940 च्या आसपास पंजाबने भाक्र्याला धरण बांधायचं ठरवलं आणि खालच्या सिंध प्रांताने तक्रार केली. सरकारने बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तेच राव पुढे घटनेच्या मसुद्याचे सल्लागार झाले आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर बसले. 1942 च्या अहवालात आयोगाने म्हटलं की प्रांताच्या हद्दी बाजूला ठेवून सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करावा आणि पाणी न्याय्य पद्धतीने वाटावं. पाच वर्षांत देशाची फाळणी झाली. 1 एप्रिल 1948 रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणारे कालवे बंद केले. प्रांतांचं भांडण एका रात्रीत राष्ट्रांचं भांडण झालं, आणि ते मिटवायला 19 सप्टेंबर 1960 चा सिंधू करार लागला. त्या करारात नद्यांची वाटणी झाली, पाण्याची झाली नाही: रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. दोन युद्धं आणि कारगिल पाहून टिकलेला तो करार पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 रोजी भारताने स्थगित ठेवला.

या सगळ्यातून जो कायदा तयार झाला तो आधी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय विधी संघटनेच्या हेलसिंकी नियमांत आला आणि मग 21 मे 1997 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारात. मतदानात 103 देश बाजूने, तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी हे तीन विरोधात. भारत तटस्थ राहिला. वाद झाल्यावर सत्यशोधन सक्तीचं करणारं कलम आपल्याला नको होतं. करार अमलात यायला 2014 उजाडलं. आपण त्यावर सही केलेली नाही, तरी त्यातली तत्त्वं आपल्या न्यायालयांत रोज वापरली जातात. कावेरीवर सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2018 रोजी दिलेल्या निकालात हेलसिंकी नियमांची सविस्तर चर्चा आहे.

तत्त्वं थोडकी आहेत. प्रत्येकाने पाणी न्याय्य आणि वाजवी प्रमाणात वापरावं. शेजाऱ्याला लक्षणीय अपाय करू नये. मोठं काम करण्याआधी त्याला कळवावं, त्याला सहा महिने विचार करू द्यावा, पावसाची-पाण्याची आकडेवारी नियमित द्यावी. कुठल्याही वापराला जन्मजात अग्रक्रम नाही. पण दोन गरजांची टक्कर झाली तर माणसाच्या जगण्यासाठी लागणाऱ्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावं.

आणि न्याय्य म्हणजे किती, हे ठरवताना काय पाहायचं त्याची यादी सहाव्या कलमात आहे. भूगोल, हवामान, त्या पाण्यावर अवलंबून लोकसंख्या, पर्यायी स्रोत. त्या यादीत एक नोंद अशी आहे जी वऱ्हाडने पाठ करून ठेवावी: पाण्याचा आजचा वापर आणि उद्याचा संभाव्य वापर, दोन्ही विचारात घ्यावेत.

ज्याने आधी धरण बांधलं, त्याचा वापर 'आजचा' म्हणून मोजला जातो. ज्याचं धरण कागदावर राहिलं, त्याची गरज 'उद्याची' राहते. वजन दोन्हींना द्या असं कायदा म्हणतो, पण तराजूत पडताना आधीच्या वापराचं पारडं नेहमी जड असतं, कारण त्याच्यामागे उभी पिकं, वसलेली गावं आणि मतदार असतात. नाईल नदीच्या बाबतीत 1959 मध्ये इजिप्त आणि सुदानने करार केला, वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर इजिप्तला, 18.5 अब्ज सुदानला. नाईलचं सुमारे 85 टक्के पाणी ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून येतं, त्याला शून्य. तो देश तेव्हा बांधत नव्हता, म्हणून त्याची गरज कुणी मोजली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये इथिओपियाने ब्ल्यू नाईलवरच्या महाधरणाचं उद्घाटन केलं, आणि इजिप्त अजूनही आपल्या जुन्या वापराचा दाखला देतो आहे.

महाराष्ट्रात याचं उदाहरण कृष्णेचं आहे. न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा लवादाने 1970 च्या दशकात 2,060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं: महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, आंध्रला 800. सप्टेंबर 1960 पर्यंत चालू किंवा मान्य झालेल्या वापरांना लवादाने संरक्षण दिलं, आणि आंध्रच्या जुन्या कालव्यांना त्याचा मोठा लाभ झाला. त्याच न्या. बच्छावतांच्या गोदावरी लवादाचा निवाडा जुलै 1980 मध्ये आला. तिथे राज्यांनी आपापसांत बसून आधीच करार केले होते आणि लवादाने तेच निवाड्याचा भाग करून घेतले. वर्धा-वैनगंगेचं खोरं त्यातच येतं. म्हणजे लढून मिळवलेल्या निवाड्यात आधीच्याचं जपलं गेलं, बोलून केलेल्या करारात उद्यासाठीही थोडी जागा राहिली. माझ्या मते विदर्भाने या दोन निवाड्यांतला फरक कधी नीट वाचला नाही.

आता वऱ्हाडचा 'आजचा वापर' पाहू. 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्रातल्या प्रादेशिक अनुशेषाचा अहवाल दिला, 1994 मध्ये राज्यपालांच्या अखत्यारीत विदर्भ वैधानिक विकास मंडळ आलं, निर्देशांक आणि अनुशेष समितीने पुन्हा मोजमाप केलं. नंतरच्या वर्षांत राज्यातल्या इतर जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष कागदोपत्री भरून निघाला. अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा राहिला. या चार जिल्ह्यांत कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीनवर घर चालवणारा शेतकरी राहतो, आणि गेल्या तीन दशकांत त्याच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली. पाण्याचा 'आजचा वापर' कमी असणं हा लवादापुढचा तांत्रिक मुद्दा आहे, पण तो ज्या घरांत घडतो तिथे त्याची किंमत माणसांनी दिलेली असते.

त्यातही पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा वेगळा. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुढे बुलढाण्यातली शेगाव-संग्रामपूरची गावं. वरून पाहिलं तर काळीभोर, खोल, कसदार जमीन. खाली विंधन विहीर घेतली तर पाणी लागतं आणि ते खारं निघतं. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, प्यायलं तर मूत्रपिंडाचे आजार मागे लागतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. शेततळ्यात पावसाचं पाणी धरून एक-दोन संरक्षित पाळ्या द्याव्यात, ही शिफारस तिथूनच आलेली. खरिपात मूग किंवा कापूस, आणि पाऊस गेल्यावर जमिनीतल्या ओलीवर हरभरा, ही तिथली रीत. पूर्वी या भागात मुली द्यायला लोक कचरत. पिण्याचं पाणी आज शहानूर आणि वान धरणांतून नळयोजनांनी येतं, ते बंद पडलं की टँकर.

कायद्याच्या भाषेत या भागाला 'पर्यायी स्रोत नाही'. मराठवाड्यातला किंवा खानदेशातला शेतकरी भूजल उपसून काही वर्षं काढू शकतो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाच्या पायाखाली पाणी असून त्याला नदीशिवाय आधार नाही. न्याय्य वाटपाच्या प्रत्येक कसोटीवर हा युक्तिवाद भक्कम आहे. महाराष्ट्राने तो आंतरराज्य टेबलावर किती जोरात मांडला, याचं उत्तर मला समाधानकारक मिळत नाही.

10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मोहन यादव यांनी तापी महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी भागात, दोन राज्यांच्या सीमेवर, तापीवर खाऱ्या घुटीघाटला कमी उंचीचा वळण बंधारा, आणि तिथून दोन्ही काठांनी कालवे. एकूण 31.13 टीएमसी पाणी, 11.76 मध्य प्रदेशाचं, 19.36 महाराष्ट्राचं. लाभक्षेत्र मध्य प्रदेशात 1,23,082 हेक्टर, महाराष्ट्रात 2,34,706 हेक्टर. जळगाव, बुलढाणा, अकोला आणि अमरावती. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे, तिथे सोडलेलं पाणी झपाट्याने मुरतं. भूजल खोल गेलेल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्याला त्याचा आधार मिळेल. मोठ्या धरणाच्या जुन्या आराखड्यात मेळघाटचं जंगल आणि कोरकूंची गावं बुडणार होती. ते मागे पडलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

या कराराचं मी स्वागत करतो, कारण तो लवादाशिवाय झाला. पण कायद्याच्या चष्म्यातून वाचताना दोन गोष्टी अस्वस्थ करतात. पहिली म्हणजे, पुनर्भरणाचं पाणी गोड्या भूजलाच्या पट्ट्यात मुरेल. खारपाणपट्ट्यात ते मुरवून चालत नाही, तिथे ते पाइपने किंवा पाटाने थेट वावरापर्यंत न्यायला हवं. अकोला जिल्ह्याच्या नावावर लाभक्षेत्राचा आकडा पडेल, पण तो नेमका कुठल्या गावांचा, हे ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर लागायला हवं. दुसरी गोष्ट, तापीचं खोरं सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे, पण शेवटचा भाग गुजरातेत आहे आणि या करारावर गुजरातची सही नाही. उकाई धरण 1972 पासून तिथे आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं तेव्हा वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला, किती पाणी येतंय, या माहितीचं मोल साऱ्या देशाला कळलं. त्या पाण्यात पूर्णेचं, म्हणजे अकोल्याचंही पाणी होतं. बैतूलने आपल्याला विचारावं असं आपण म्हणतो. तर 31 टीएमसी वळवताना सुरतेला लेखी कळवणं, आकडे देणं, त्यांचं म्हणणं ऐकून घेणं हे आपलंही काम आहे.

याहून मोठी परीक्षा वैनगंगा-नळगंगा जोडकालव्याची आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दमधून सुमारे 426 किलोमीटरचा कालवा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला ओलांडून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत. सुमारे 62 टीएमसी पाणी, 3 लाख 71 हजार हेक्टर सिंचन. राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये त्याला मान्यता दिली. वऱ्हाडला या प्रकल्पाची आस आहे आणि ती खरी आहे. मात्र हा कालवा गोदावरी खोऱ्यातलं पाणी उचलून त्याचा काही भाग तापीच्या खोऱ्यात नेणार, आणि ते पाणी गोदावरीत परत येणार नाही.

1957 मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पायरनीज डोंगरातल्या लानू सरोवरावरून लवाद झाला. फ्रान्सला सरोवराचं पाणी वळवून वीज करायची होती, आणि तेवढंच पाणी बोगद्याने स्पेनकडे जाणाऱ्या नदीत परत सोडायचं होतं. स्पेन म्हणालं, आमच्या संमतीशिवाय नाही. लवादाने स्पेनला नकाराधिकार दिला नाही. पण खालच्या देशाशी प्रामाणिकपणे बोलणं, त्याचे हितसंबंध खरोखर विचारात घेणं ही वरच्याची जबाबदारी आहे, असं बजावलं. तिथे पाणी परत जाणार होतं, इथे जाणार नाही. तेलंगणाचा कालेश्वरम प्रकल्प इथून खाली आहे, आणि प्राणहितेवर तुम्मिडीहट्टीचा प्रश्न जुनाच आहे. तिथल्या बंधाऱ्याची उंची 152 मीटर झाली तर गडचिरोली-चंद्रपूरची जमीन बुडेल म्हणून महाराष्ट्राने आक्षेप घेतला होता; ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत करार होऊन ती 148 मीटरवर आली. त्या वेळी आपण खालच्या राज्याकडे बुडीत न लादण्याची, आधी विचारण्याची मागणी करत होतो. तेलंगणाने तेच शब्द उद्या आपल्यासमोर ठेवले, तर उत्तर तयार हवं.

उत्तराचा एक नमुना गोदावरी निवाड्यातच आहे. आंध्रातल्या पोलावरमहून 80 टीएमसी गोदावरी-पाणी कृष्णेत नेलं, तर कृष्णेच्या वरच्या राज्यांना त्यातला वाटा मिळावा, असा तिथे करार झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले 14 टीएमसी आले. एका खोऱ्यातून दुसऱ्यात पाणी नेणाऱ्याने बाकीच्यांशी हिशेब करायचा असतो, हे आपणच आंध्रकडून मान्य करून घेतलं आहे. तेव्हा वैनगंगेच्या बाबतीत निविदा काढण्याआधी, गोसीखुर्दला दर महिन्याला किती पाणी येतं, कमी पावसाच्या वर्षी कालव्यात किती सोडणार आणि नदीत किती, याचा तक्ता तेलंगणाला आणि विदर्भातल्या जनतेला एकाच दिवशी द्यावा. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि सुरुवातीचा 372 कोटींचा अंदाज कित्येक पटींनी वाढून गेला तरी ते काम संपलेलं नाही. नव्या कालव्यावर लोकांनी विश्वास ठेवायचा तर आकडे उघडे असलेच पाहिजेत.

आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांशी बोलतो, गावांशी बोलत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. पण त्याची तत्त्वं गावापर्यंत आणता येतात. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ वान धरण आहे, सुमारे 82 दशलक्ष घनमीटर साठ्याचं. ते मूळचं सिंचनासाठी. त्यातून अकोला शहरासाठी आणि बाळापूर तालुक्यातल्या गावांच्या पाणीपुरवठा योजनेसाठी आरक्षण झालं तेव्हा तेल्हारा-अकोटचे शेतकरी रस्त्यावर आले. अमरावतीकडे नांदगाव पेठच्या औष्णिक वीज केंद्राला अप्पर वर्धाचं पाणी देण्यावरूनही असाच मोठा लढा झाला. धुऱ्यावरून भांडणाऱ्या दोन भावांसारखं याला घरचं भांडण म्हणून सोडून दिलं जातं. जलप्रवाह कराराच्या दहाव्या कलमाने हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला आहे. पिण्याच्या पाण्याकडे विशेष लक्ष द्या, पण त्याने शेतीचा हक्क आपोआप संपत नाही. मग शहराने आधी आपली गळती थांबवावी, काटेपूर्णेवरच्या महान धरणाचं पाणी पुरेपूर वापरावं, सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावं, आणि तेल्हाऱ्याच्या ज्या हेक्टरांचं पाणी गेलं त्यांना भरपाई म्हणून दुसरं पाणी द्यावं. विजेच्या केंद्राला तर त्या कलमात कुठलाच विशेष आधार नाही.

शेजाऱ्याच्या संमतीची गरजच नसलेलं कामही आपल्याकडे पडून आहे. पूर्णा आणि तिच्या उपनद्यांवर नेरधामणा, घुंगशी अशा बॅरेजची साखळी आखली गेली ती खारपाणपट्ट्यासाठीच, आणि भातकुलीजवळचा निम्न पेढी प्रकल्पही. ही कामं वर्षानुवर्षं रेंगाळली. कुठे भिंत झाली आणि वितरिका नाही, कुठे पाणी अडलं आणि उपसा योजनेची वीज नाही. या बॅरेजमधलं पाणी ज्या दिवशी दर्यापूर-मूर्तिजापूरच्या वावरात पोचेल, त्या दिवसापासून ते 'आजचा वापर' म्हणून मोजलं जाईल, आणि पुढच्या कोणत्याही लवादापुढे वऱ्हाडच्या बाजूने उभं राहील.

डिसेंबर 2026 मध्ये भारत-बांगलादेश गंगा कराराची तीस वर्षांची मुदत संपते. 1996 च्या त्या करारात फरक्क्याचं उन्हाळी पाणी दर दहा दिवसांच्या हिशेबाने वाटलं जातं. 70 हजार क्युसेकपर्यंत निम्मं-निम्मं, त्यापुढे ठरलेले आकडे, आणि दोन्ही देशांचे अभियंते एकत्र बसून मोजणी करतात. नव्या करारासाठी बांगलादेश आपल्याकडे वाढीव हमी मागेल, बिहार आणि बंगाल दिल्लीकडे आपला वाटा मागतील. वऱ्हाडच्या आमदार-खासदारांनी त्या वाटाघाटी बारकाईने वाचाव्यात. दहा दिवसांच्या हिशेबाची आणि संयुक्त मोजणीची तीच पद्धत खाऱ्या घुटीघाटच्या करारात बसवता येईल: बैतूल, अकोला आणि सुरत, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दिसणारे आकडे. जलसंपदा विभागाने त्यासाठी पूर्णेवर मध्य प्रदेशाच्या सीमेपाशी स्वयंचलित प्रवाहमापक बसवावेत आणि त्यांचं वाचन येत्या जूनपासून सर्वांसाठी खुलं करावं, ही मागणी आज अमरावतीतूनच जायला हवी.